ट्रॅक्टरनं पेरलेल्या भाताला दरवर्षी तुटाळ: आधी उकरा, मग फेरपेर

रोहिणीत किंवा मृगाच्या तोंडावर यंत्रानं भात पेरलं, वरून पाऊसही बरा झाला, आणि आठ-दहा दिवसांनी बांधावर उभं राहून बघावं तर शेत चट्ट्याचट्ट्यांनी उगवलेलं. कुठं पेंढी बांधावी इतकं दाट, कुठं दोन-दोन हात मोकळं. बेळगाव भागात खानापूरच्या तांबड्या जमिनीत आणि येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारात, दोन्हीकडं ही तक्रार आहे. पहिला राग बियाण्यावर निघतो, दुसरा ड्रायव्हरवर. मग आणखी एक पिशवी आणून मोकळ्या जागी बी फेकलं जातं. पुढच्या वर्षी परत तेच, कारण ही तुटाळ, म्हणजे न उगवलेली मोकळी जागा, कशानं पडली हे कुणी बघितलेलंच नसतं.

बियाणं खराब निघणं हे एक कारण आहे, पण ते शेवटी तपासायचं. खराब बी शेतभर सारखं विरळ उगवतं, चट्टे पाडत नाही. चट्टे पडले म्हणजे दोष बहुतेक वेळा खोलीचा, मातीचा, नळीचा नाहीतर पाण्याचा असतो.

आधी उभ्यानं बघा

ओल लागल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवशी शेतात जा. पेरणीपासून दिवस मोजू नका. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेलं बी पाऊस पडेपर्यंत जमिनीत नुसतं पडून असतं, त्यात त्याचं काही बिघडत नाही.

एकच ओळ या बांधापासून त्या बांधापर्यंत रिकामी असेल तर ती नळी तुंबलेली होती. खात्री करायची असेल तर ओळी मोजा. जाताना डावीकडून दुसरी ओळ मोकळी असेल, तर परतीच्या फेऱ्यात तुमच्या बाजूनं ती उजवीकडून दुसरी दिसायला हवी, कारण यंत्र तिथं उलट्या तोंडानं चाललेलं असतं.

एकाआड एक ओळ कमजोर असेल तर टॉपलिंक (ट्रॅक्टरला यंत्र जोडणारी वरची दांडी) बघा. यंत्राचे फण पुढं-मागं अशा दोन रांगांत असतात. टॉपलिंक जास्त आवळली की यंत्र नाकावर येतं, पुढच्या रांगेचे फण खोल जातात आणि मागच्या रांगेचे वरवर ओरखडतात. ही चूक फार होते आणि फार कमी जणांच्या लक्षात येते.

सगळ्या ओळी एकाच ठिकाणी दोन-चार मीटर तुटलेल्या असतील तर बी सोडणारं चाक तिथं उचललं गेलं, घसरलं किंवा साखळी सुटली. टायरमागच्याच दोन ओळी विरळ असतील तर टायरनं जमीन दाबली, फण चाकोरीत वरवर चालला आणि बी उघडं पडलं. वळणाकडचे पट्टे मोकळे असतील तर यंत्र उशिरा खाली सोडलं. आपल्याकडं दहा-पंधरा गुंठ्यांचे तुकडे, त्यामुळं वळणं जास्त आणि हा तोटाही जास्त. कडेची वळणाची पट्टी सगळ्यात शेवटी आडवी पेरावी. आधी पेरून तिच्यावरच ट्रॅक्टर फिरवत बसू नये.

वेडेवाकडे चट्टे ओळींना जुमानत नसतील तर यंत्राला दोष देऊ नका. तिथं सखल-उंचवटा, माती किंवा पाखरं बघा.

आता उकरा

खुरपं घ्या, मोकळ्या जागी काकरीची, म्हणजे फणानं पाडलेल्या रेषेची, एक फूट लांबी अलगद उकरा, माती हातावर चुरा. अशा निदान पाच जागा बघा, आणि शेजारच्या चांगल्या उगवलेल्या जागी एकदा उकरून दोन्हींची तुलना करा.

*दाणाच सापडत नाही.* नळी तुंबलेली, किंवा बी उचललं गेलंय. वर टरफलं विखुरलेली असतील तर पाखरं. बांधालगत काकरी उकरलेली असेल तर उंदीर. कोरड्या मातीत बारीक भोकं आणि तोंडाशी फोलपटं दिसली तर मुंग्या. धूळवाफेत पाऊस लांबला की मुंग्यांचं जास्त फावतं.

*दाणा कोरडा, कडक, जसाच्या तसा.* काही करू नका. त्याला ओलच पोचलेली नाही. इथं घाईनं फेरपेर केली की पुढच्या पावसात दोन्ही बियाणी वर येतात आणि तोच पट्टा सगळ्यात दाट होतो.

*दाणा फुगलेला, दाबला की पांढरं पाणी येतं, आंबूस वास.* पाणी साचून कुजला. काळ्या जमिनीत आणि बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शिवारात हे नेहमीचं.

*कोंब आलाय, पण स्प्रिंगसारखा वळलाय, किंवा मातीतच पान उलगडलंय.* एकतर खोल पडला, नाहीतर वर मातीचा कडक पापुद्रा धरलाय. दाण्यापासून वरपर्यंत पट्टी लावून मोजा. पाच सेंटिमीटरच्या पुढं असेल तर खोली, तीनच्या आसपास असेल तर पापुद्रा.

*कोंब आला आणि तपकिरी होऊन वाळला.* बाजूला खताचे दाणे सापडले तर खतानं भाजलं. नसतील तर वळवाच्या एका सरीवर मोड आला आणि पुढं उघडीप पडून करपला.

*मुळं आखूड, टोकाला जाड गाठीसारखी.* तणनाशक बियापर्यंत पोचलं.

*दाणे फुटलेले, अर्धे.* यंत्राच्या बी सोडणाऱ्या दातेरी रोलरनं चिरडले.

खोली: सगळ्यात मोठं कारण

नव्या बुटक्या वाणांमध्ये दाण्यापासून वर कोंब ढकलणारी पांढरी दांडी आखूड असते. जुनी उंच भातं बैलाच्या कुरीनं दोन-अडीच इंच खोल पडली तरी वर यायची. तीच सवय ट्रॅक्टरला लावली की नवा वाण खालीच गुदमरतो. कोरड्यात दोन ते तीन सेंटिमीटर, वाफशावर तीन ते चार. पाचच्या पुढं कधीही नाही.

खोली बिघडते ती बहुतेक रोटरनं (रोटाव्हेटरनं). माती चांगली पिठासारखी व्हावी म्हणून दोन-तीनदा रोटर मारला जातो. माती भुसभुशीत होते, ट्रॅक्टर खचतो, यंत्रही त्याच्याबरोबर खाली जातं. ड्रायव्हरला वाटतं खोली ठरवलेलीच आहे. रोटरनंतर एकदा फळी फिरवून जमीन बसवा. कसोटी सोपी आहे: टाचेवर जोर देऊन उभे राहा. टाच इंचभर आत गेली तर जमीन अजून पोकळ आहे, पुन्हा फळी. अर्धा इंच गेली तर पेरा. काळ्या जमिनीत उलट अडचण: ढेकळं मुठीपेक्षा लहान झाली नाहीत तर बी त्यांच्या फटीत कुठंही जातं. तिथं कुळवाची एक जादा पाळी रोटरपेक्षा कामाची.

मग ट्रॅक्टर. हायड्रॉलिकचे दोन लिव्हर असतात, पोझिशन (यंत्र ठरलेल्या उंचीवर धरतो) आणि ड्राफ्ट. नांगरट करून आलेला ट्रॅक्टर बऱ्याचदा ड्राफ्टवरच असतो. ड्राफ्टवर लिफ्ट कठीण पट्ट्यात यंत्र आपोआप वर घेते आणि मऊ जागी खाली सोडते. नांगराला ते ठीक आहे, भाताच्या पेरणीत तेच चट्टे पाडतं. पेरणी पोझिशनवर करा. यंत्राला खोलीची चाकं असतील तर भार त्यांच्यावर येऊ द्या. यंत्र कामाच्या खोलीवर असताना बाजूनं बघून चौकट जमिनीला समांतर होईपर्यंत टॉपलिंक फिरवा. डाव्या-उजव्या साखळ्या ढिल्या ठेवू नका, यंत्र डुलतं.

पहिल्या फेऱ्यातच, दहा मीटर गेल्यावर थांबवा आणि प्रत्येक काकरी उकरून बी किती खोल पडलं ते मोजा. नऊ ओळी मोजायला दहा मिनिटं लागतात. भाड्याचं मीटर चालू असतं म्हणून हे टाळलं जातं, आणि मग पुढं तुटाळ भरायला आठवडा जातो.

बी किती पडतं ते मोजा

यंत्रं भाड्यानं देणाऱ्या कृषी यंत्रधारे केंद्रातून किंवा शेजारून आणलेलं यंत्र आदल्या दिवशी सोयाबीन पेरून आलेलं असतं. जूनमध्ये आपल्या भागात दोन्ही पेरण्या एकत्रच चालतात. फण लांब-लांब बसवलेले, रोलर सोयाबीनच्या मापानं उघडा, पेटीच्या कोपऱ्यात चार दाणे अडकलेले. तसंच भात ओतलं की एका नळीतून ओंजळ पडते आणि दुसरीतून काहीच नाही.

नऊ फणांचं यंत्र, दोन ओळींत २० सेंटिमीटर अंतर, म्हणजे एका फेऱ्यात १.८ मीटर रुंदी पेरली जाते. प्रत्येक नळीचं खालचं टोक काढून तिला प्लास्टिकची पिशवी बांधा. शेतातच वीस मीटर अंतर खुंट्या ठोकून मोजा आणि पेरणीच्याच गिअरवर ट्रॅक्टर चालवा. उचलून हातानं चाक फिरवण्यापेक्षा हे बरं, कारण मातीत चाक थोडं घसरतंच आणि तो फरक मापात येतो.

वीस मीटरात ३६ चौरस मीटर झाले. एकरी १५ किलो टाकायचं असेल तर नऊ पिशव्या मिळून १३३ ग्रॅमच्या आसपास बी यायला हवं, म्हणजे एका पिशवीत साधारण १५ ग्रॅम. हजार दाण्यांचं वजन २४ ग्रॅम असलेल्या वाणात ते मीटरला तीसेक दाणे होतात. दहातले सात उगवले तरी मीटरला वीस रोपं, पुरेशी. कुठल्याही पिशवीत १३ ग्रॅमपेक्षा कमी किंवा १७ पेक्षा जास्त आलं तर त्या नळीचा रोलर किंवा चकती, झडप आणि नळीचा वाक बघा. किराणा दुकानातला काटा चालतो.

एकरी १५ किलो हे तिरप्या चकतीच्या यंत्राचं माप आहे. चकती एकेक दाणा उचलते, फोडत नाही. दातेरी रोलरचं यंत्र दाणे फोडतं आणि झुबक्यानं सोडतं, तिथं २० किलोच्या खाली जाऊ नका. कुरीच्या सवयीनं २५-३० किलो ओतण्यात मात्र काही अर्थ नाही. दाट जागी रोपं एकमेकांना खातात, तुटाळ तशीच राहते.

वेग पायी चालण्याचा ठेवा. वीस मीटरला चोवीस-पंचवीस सेकंद लागले तर ताशी तीन किलोमीटर झालं, तेवढंच. त्याहून पळवलं की चकतीचे खाचे रिकामे जातात.

नळ्या का तुंबतात

यंत्र जमिनीला टेकवताना ट्रॅक्टर थांबलेला असेल किंवा किंचित मागं सरकला तर फणामागच्या तोंडात माती भरते. ओल असेल तर तिचा बूच होतो. ट्रॅक्टर पुढं चालत असतानाच यंत्र खाली सोडायचं, आणि टेकलेलं असताना रिव्हर्स कधीच नाही.

दुसरं कारण बी. कुसळं असलेलं भात नळीत एकमेकांत गुंततं. ते गोणपाटावर चोळून, उफणून घ्या. बीजप्रक्रिया करून लगेच पेटीत टाकलं तर ओलसर दाणे चिकटतात. किलोला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम चोळल्यावर सावलीत वाळवा आणि मुठीतून वाळूसारखं सुटतं का बघा.

कुरी चालवताना चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरणाऱ्या बाईच्या बोटांना कुठली नळी भरली ते लगेच कळायचं. ट्रॅक्टरवर बसलेल्याला ते कळायचा मार्गच नाही. म्हणून मागून एक माणूस चालवा, त्यानं फक्त नळ्यांकडं बघायचं. पारदर्शक नळ्या बसवून घेतल्या तर त्याचं काम निम्मं होतं.

खत आणि बी

डीएपी एकरी ५० किलो पेरणीबरोबर चालतं, पण खताच्या पेटीतून आणि वेगळ्या नळीनं, बियाच्या बाजूला व थोडं खाली. युरिया बियाबरोबर एकाच नळीतून सोडू नका. तो विरघळताना निघणारा अमोनिया कोवळा मोड मारतो. जुन्या यंत्रात खत आणि बियाच्या पेटीतला पत्रा गंजून भोक पडलेलं असतं आणि खत गुपचूप बियात उतरतं. पेरणीआधी आत हात घालून चाचपा. युरियाचा पहिला हप्ता तीन आठवड्यांनी, तण काढून झाल्यावर.

पाऊस, पापुद्रा, पाणी

दोनच वेळा सुरक्षित आहेत. एकतर जमीन पूर्ण कोरडी असताना पेरा आणि पावसाची वाट बघा, किंवा चांगला पाऊस होऊन वाफसा आल्यावर पेरा. मधली अवस्था, म्हणजे वळवाची एक सर झालीय, वरचे दोन बोटं ओले, खाली कोरडं, ही सगळ्यात वाईट. मोड येतो आणि चार दिवसांच्या उन्हात करपतो. धूळवाफेसाठी बी भिजवून कधी घेऊ नका. वाफशावर पेरायचं असेल तर आठ-दहा तास भिजवून, सावलीत सुकवून पेरलं की दोन दिवस आधी उगवतं.

जांबोटी-कणकुंबीकडं एकदा पाऊस लागला की वाफसा मिळतच नाही. तिथं धूळवाफेला पर्याय नाही, आणि मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा एवढीच खिडकी.

तांबड्या जमिनीवर पेरणीनंतर जोराची सर येऊन कडक ऊन पडलं तर वर पापुद्रा धरतो. कोंब अजून बोटभर खाली असेपर्यंतच उपाय आहे: बाभळीची किंवा बोरीची काटेरी फांदी वर हलकं वजन ठेवून ओळींच्या दिशेनं ओढा, किंवा पाणी असेल तर तुषारानं हलकं भिजवा. कोंब पृष्ठभागाशी आला असेल तर फांदी ओढू नका, माना मोडतात.

कुजण्याला औषध नाही, चर आहे. पेरणी झाल्या दिवशीच सखल कोपऱ्यातून बांध फोडून वाट करून ठेवा. साचलेलं पाणी दीड-दोन दिवसांत निघालं पाहिजे. नाल्याकाठी पूर येणारच हे गृहीत धरून लवकर पेरा. उगवून चार पानांवर आलेलं भात काही दिवस पाणी सोसतं, मातीतला मोड सोसत नाही. तुकडा मोठा असेल तर उन्हाळ्यात एकदा लेझर लेव्हलर फिरवून घ्या. पायऱ्यांच्या लहान शेतात त्याचा उपयोग नाही, तिथं फळी आणि नजर.

तणनाशकानं गेलेलं

पेंडिमिथालिन ३० टक्के एकरी एक ते सव्वा लिटर, २०० लिटर पाण्यात, ओलीवर, पेरणीनंतर (धूळवाफेत पाऊस पडल्यानंतर) दोन-तीन दिवसांत. ते वरच्या पातळ थरात बसतं, म्हणून नीट झाकलेलं बी वाचतं आणि उघडं पडलेलं मरतं. टायरच्या ओळींत तुटाळ असेल तर कारण बहुधा हेच. फवारायच्या आधी फळी मारून बी झाका. रोप लावणीत वापरतात ते साधं, सेफनर (भाताला इजा होऊ नये म्हणून घातलेला घटक) नसलेलं प्रिटिलाक्लोर पेरभातावर मारू नका.

उगवणीनंतर पंधरा ते पंचवीस दिवसांत, तण दोन-चार पानांवर असताना, बिसपायरीबॅक सोडियम १० टक्के एकरी १०० मिली. फवारताना शेतात पाणी उभं नको, ओल हवी. पाखड आणि लव्हाळ्याच्या जातींवर काम होतं, सगळ्या गवतांवर नाही. राहिलेल्याला कोळपं आणि भांगलण आहेच.

फेरपेर करायची का?

शेतात दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळीतली जिवंत रोपं मोजून सरासरी काढा. पंधराच्या वर असतील तर हात लावू नका. लहानसहान फट फुटव्यांनी भरते. आठ ते पंधरा असतील तर फक्त तुटाळ भरा. आठच्या खाली असेल तर तो तुकडा पुन्हा पेरा.

तुटाळ भरायला सगळ्यात चांगलं रोप तुमच्याच शेतात असतं: वळणावर दुहेरी पेर झालेल्या दाट पट्टीत. वीस-पंचवीस दिवसांचं रोप मातीच्या गड्ड्यासह खुरप्यानं उचलून, पावसाच्या दिवशी, दोन-तीन काड्या एका जागी लावा. दरवर्षी तुटाळ पडणारं शेत असेल तर पेरणीदिवशीच एकराला अर्धा गुंठा त्याच वाणाचं तरू (रोपं) टाकून ठेवा. सखल जागी वाफसाच येत नसेल तर बी २४ तास भिजवून, २४ तास गोणपाटात दाबून, मोड आल्यावर पाणी काढलेल्या चिखलात फोका.

फेरपेरीचं बियाणं आणण्याआधी उरलेल्या पिशवीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सात-आठ दिवसांत ऐंशीच्या खाली उगवले तर मात्र बियाणंच दोषी. बिल आणि पिशवीवरचं लेबल घेऊन कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात लेखी तक्रार द्या, आणि ती शेत मोडायच्या आधी द्या, म्हणजे पाहणीला काहीतरी शिल्लक राहील.

उगवलं, पण पिवळं पडतंय

तुटाळीशी गल्लत होते म्हणून एवढंच. तिसऱ्या आठवड्यात नवं पान पिवळं-पांढरं आणि जुनं हिरवं असेल तर लोह कमी पडतंय. पाणी न साचवता वाढणाऱ्या पेरभातात हे होतंच. १०० लिटर पाण्यात एक किलो हिराकस (फेरस सल्फेट), आठवड्याच्या अंतरानं दोन-तीन फवारण्या. जुन्या पानांवर गंजासारखे ठिपके असतील तर जस्त. पुढच्या वर्षी पेरणीआधी एकरी १० किलो झिंक सल्फेट जमिनीत टाका, पण डीएपीत मिसळून नाही. युरिया वाढवून हे दोन्ही पिवळेपण जात नाही.